हौस, हिशेब आणि हजार पौंड

व्याख्या

छंदातून पैसे काढावेत की नुसता आनंद, या प्रश्नावर बाकीच्या जगात चर्चा होते. ब्रिटनमध्ये त्याचे उत्तर आकड्यात दिलेले आहे. तो आकडा १००० पौंडांचा. ६ एप्रिल २०१७ पासून तिथे असा नियम आहे की, फावल्या वेळात स्वेटर विणून, केक करून, पेटीच्या शिकवण्या घेऊन किंवा कुंड्या रंगवून एखाद्याने वर्षाकाठी १००० पौंडांपर्यंत कमावले, तर त्याची खबर प्राप्तिकर खात्याला द्यावी लागत नाही. तिथवर माणूस हौशी. त्यापुढच्या पहिल्या पौंडाला तो व्यापारी ठरू शकतो आणि आनंदाच्या जागी विवरणपत्र येते.

यातली मेख अशी की, ही मर्यादा नफ्याची नाही, विक्रीची आहे. १४०० पौंडांची लोकर आणून तिच्या शाली १२०० पौंडांना विकणाऱ्या बाईंचे २०० पौंड बुडाले, तरी खात्याच्या दृष्टीने त्यांचा व्यापार सुरू झाला. त्यांनी ५ ऑक्टोबरच्या आत नोंदणी करायची, ३१ जानेवारीच्या आत ऑनलाइन विवरणपत्र भरायचे, आणि ते राहून गेले तर एक पेनीचाही कर देणे नसताना १०० पौंड दंड सोसायचा. घरच्यांना या व्यवहारात तोटा आहे हे पहिल्या लोकरीच्या गुंडीपासून माहीत असते. सरकारला ते सिद्ध करून दाखवावे लागते, एवढाच फरक. मार्च २०२५ मध्ये सरकारने कळवण्याची ही मर्यादा चालू संसदेच्या मुदतीत ३००० पौंडांवर नेण्याचे जाहीर केले. म्हणजे हौसही महागली, हे सरकारला मान्य आहे.

जत्रेतल्याप्रमाणे छंदाच्या क्षेत्रातही लोक तीन प्रकारचे असतात : हौशे, नवशे आणि गवशे. हौशे वस्तू करतात. नवशे ती एकदा विकली जावी म्हणून देव पाण्यात घालतात. गवशे स्वतः काहीच करत नाहीत; ‘छंदातून पैसा कसा मिळवावा’ हे शिकवायचे वर्ग काढतात. या तिघांत १००० पौंडांची मर्यादा सर्वांत आधी कोण ओलांडतो, हे वेगळे सांगायला नको.

ओळखण्याच्या खुणा

माणूस छंद करतो आहे की धंदा, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही, कारण दोन्हींपायी तो रात्री जागतो आणि दोन्हींपायी जेवायला उशिरा येतो. म्हणून ब्रिटिश प्राप्तिकर खात्याने व्यापाराच्या नऊ खुणा मानल्या आहेत. नफ्याचा हेतू होता का, व्यवहार किती वेळा झाला, वस्तू कोणत्या जातीची आहे, तसलाच दुसरा धंदा आधीपासून आहे का, वस्तूवर काही काम करून मग ती विकली का, विकण्याची रीत दुकानदाराची होती का, पैसा उसना काढला होता का, खरेदी आणि विक्री यांत किती काळ गेला, आणि मुळात वस्तू हाती आली कशी. १९५५ साली एका शाही आयोगाने अशा सहा खुणांची यादी केली होती. पुढे त्यांत भर पडली. मराठी घरात हीच चौकशी एखादी आत्या ‘किती सुटतात गं यातून?’ एवढ्या चार शब्दांत पुरी करते, आणि तिच्या निकालावर अपील नसते.

न्यायालयांनी या खुणा लावून जे निकाल दिले, ते अभ्यासकाने मुळातून पाहावेत. रटलेज नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ १९२० साली सिनेमाच्या कामासाठी बर्लिनला गेले होते. तिथे त्यांना स्वस्तात मिळाली म्हणून त्यांनी शौचालयाच्या कागदाची १० लाख भेंडोळी १००० पौंडांना घेतली आणि इंग्लंडमध्ये एकाच गिऱ्हाइकाला विकून १०,००० पौंडांहून जास्त नफा काढला. आपण काही कागदाचे व्यापारी नाही, हा जन्मातला एकच व्यवहार होता, असे त्यांचे म्हणणे. १९२९ साली एडिंबरोच्या न्यायालयाने ते फेटाळले. वस्तूचा प्रकार आणि संख्या पाहता ती घरच्या वापरासाठी किंवा जवळ बाळगून आनंद घेण्यासाठी घेतली असेल, असे मानायला कोणी तयार होईना. १० लाख भेंडोळी हा संग्राहकाचा छंद असू शकत नाही, हा तेव्हापासून कायदा आहे.

याच्या उलट ग्रॅहम नावाच्या माणसाचा चरितार्थ निव्वळ घोड्यांवर पैसे लावून चालत असे. १९२५ साली न्यायालयाने सांगितले की, हा धंदा नव्हे, तेव्हा यावर कर नाही. ब्रिटनमध्ये पैज जिंकून मिळालेला पैसा आजही करमुक्त आहे. नॉर्मन विझ्डम या गाजलेल्या विनोदी नटाने पौंडाची किंमत घसरेल या भीतीने चांदी घेऊन ठेवली आणि मग नफ्यात विकली. हा व्यापार नव्हता, नुसती खबरदारी होती, हा त्यांचा बचाव अपील न्यायालयाने १९६८ साली अमान्य केला. विनोदी नटाचे बोलणे सरकारने गंभीरपणे घेतल्याची ही दुर्मीळ नोंद. सारांश, घोड्यावर लावले तर करमणूक, शौचालयाच्या कागदावर लावले तर धंदा.

१ जानेवारी २०२४ पासून या चौकशीत एक नवा साक्षीदार आला. एट्सी, ईबे, विंटेड अशा ऑनलाइन बाजारांनी विक्रेत्यांची माहिती गोळा करून प्राप्तिकर खात्याला कळवावी, असा नियम झाला. वर्षात ३० पेक्षा कमी वस्तू आणि सुमारे १७०० पौंडांच्या आत विक्री असेल तर सूट. या बातमीने कपाटातले जुने जाकीट विकणारे लोकही घाबरले. वास्तविक वापरलेली घरगुती वस्तू खरेदीपेक्षा कमी किमतीला विकणे म्हणजे व्यापार नव्हे. नाहीतर जुनी रद्दी आणि बोहारणीचे भांडे यांवरही विवरणपत्र भरावे लागले असते.

इतिहास

पैसा लागला की खेळ बाटतो, ही समजूत ब्रिटनने दीडशे वर्षे मनापासून सांभाळली. १८०६ ते १९६२ या काळात ‘जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स’ हा क्रिकेटचा सामना होत राहिला. जंटलमेन म्हणजे हौशी, प्लेयर्स म्हणजे पगारी. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची दारे वेगळी, आणि नावे छापण्याची रीतही वेगळी : हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, पगारी खेळाडूची नंतर. फ्रेड टिटमस या पगारी गोलंदाजाची आद्याक्षरे छापणाऱ्याने एकदा आधी टाकली, तेव्हा लॉर्ड्सच्या ध्वनिक्षेपकावरून त्याची रीतसर दुरुस्ती सांगण्यात आली. चेंडू तोच, फिरकी तीच. पण पगार घेणाऱ्याचे नाव चुकीच्या दाराने आत आले होते.

हौशी खेळाडूंतले सर्वांत थोर डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस. त्यांनी आयुष्यभर हौस म्हणूनच क्रिकेट खेळले, आणि त्या हौसेपायी १८९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी लॉर्ड शेफील्ड यांच्याकडून ३००० पौंड घेतले. पगार घेतला तर माणूस पगारी. खर्च म्हणून घेतला तर हौशी. पगारी खेळाडूंना मिळे त्याच्या कितीतरी पट जास्त ‘खर्च’ करणारे ते एकमेव हौशी नव्हते. नोव्हेंबर १९६२ मध्ये क्रिकेटच्या कारभाऱ्यांनी हा भेदच मोडीत काढला आणि सर्वांना नुसते क्रिकेटपटू केले. त्यामुळे अनेक हौशी खेळाडूंना प्रथमच उघडपणे पैसे घेता आले.

हेन्लीच्या नौकांच्या शर्यतीत नियम आणखी कडक. तिथे वल्ह्यासाठी पैसे घेणारा तर बाद होताच, पण हाताने कष्ट करून पोट भरणाराही हौशी मानला जात नसे. कारण त्याच्या दंडात कमावलेली ताकद असते. अमेरिकेचा जॉन केली विटांचे काम करणारा गवंडी. १९२० साली त्याचा अर्ज नाकारला गेला. त्याच वर्षी त्याने अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवली. हा नियम १९३७ साली काढला गेला आणि १९४७ साली केलीच्या मुलाने हेन्लीची तीच शर्यत जिंकली. बापाला विटा उचलल्याबद्दल मिळालेली शिक्षा मुलाने वल्ही मारून फेडून घेतली.

रग्बीत प्रश्न शनिवारच्या मजुरीचा होता. उत्तर इंग्लंडातला गिरणी कामगार सामन्याला गेला की त्याचा रोज बुडे. तो भरून द्यायची मुभा असावी, इतकीच तिथल्या क्लबांची मागणी. ती नाकारली गेल्यावर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात हे क्लब वेगळे झाले आणि एका रग्बीच्या दोन झाल्या. मूळ शाखेने हौसेचे सोवळे पाळले ते ऑगस्ट १९९५ पर्यंत. शंभर वर्षे टिकलेले तत्त्व टीव्हीच्या हक्कांच्या रकमेपुढे मात्र टिकले नाही.

शहाणपणाची वाट लँकेशरच्या गिरणगावांनी काढली. तिथल्या क्रिकेट लीगमध्ये प्रत्येक क्लबाला पगारी खेळाडू एकच; बाकीचे आठवडाभर आपापल्या कामावर जाऊन शनिवारी खेळणारे. मात्र एखाद्याने अर्धशतक ठोकले की प्रेक्षकांत डबा फिरे आणि जमेल ती चिल्लर त्याला मिळे. मुंबईकडून रणजी खेळलेले विनू मांकड १९५२ साली हॅस्लिंग्डन क्लबाचे पगारी खेळाडू होते. भारतीय संघात जागेची हमी मिळेना, म्हणून त्यांनी क्लबाशी करार केला होता. लीड्सची इंग्लंडविरुद्धची कसोटी हातची गेल्यावर निवड समितीला ते आठवले आणि त्यांना क्लबाकडून मागून आणावे लागले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या, वर एका डावात ५ बळी घेतले. पगाराने खेळ बिघडतो, या सिद्धान्ताच्या मदतीला हा सामना येत नाही.

जमीन

छंद विकू नये, असे कायद्यानेच सांगितलेली जागा पाहायची असेल तर ब्रिटनमधली अलॉटमेंट पाहावी. नगरपालिकेकडून थोड्या भाड्याने मिळणारा हा भाजीचा तुकडा पारंपरिक मापाने सुमारे २५० चौरस मीटरचा असतो. अनेक शहरांत त्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागते. १९२२ च्या कायद्यातली व्याख्या अशी की, तिथे भाजी किंवा फळे पिकवायची ती पूर्णपणे अथवा मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी. इंग्लंड-वेल्ससाठी १९५० साली केलेल्या कायद्याने तिथे कोंबड्या आणि ससे पाळायचीही मुभा दिली. पण व्यापारासाठी पाळता कामा नयेत. कायद्यात कोंबडीचा उल्लेख आहे, कोंबड्याचा नाही. पहाटे चारला आरवणारा छंद ब्रिटिश शेजाऱ्याला मान्य नाही.

या कायद्यातला ‘मुख्यतः’ हा शब्द मोलाचा आहे. घरच्यासाठी पिकवून उरलेले थोडेफार विकले तर सहसा कोणी हरकत घेत नाही. विकण्यासाठीच पिकवले तर तुकडा जातो. लेस्टर किंवा हॅरोमधल्या भारतीय कुटुंबांनी लावलेली मेथी, कोथिंबीर आणि मुळा या नियमात सहज बसतात, कारण त्या घरांत मेथी उरत नाही. उरतो तो भोपळा. ऑगस्ट महिन्यात अलॉटमेंट करणारी सगळी ब्रिटिश माणसे कोर्जेट या काकडीसारख्या भोपळ्याच्या ढिगाऱ्याखाली दबलेली असतात आणि ओळखीच्या प्रत्येकाला दोन-दोन घेऊन जायचा आग्रह करतात. त्या महिन्यात विक्रीचा प्रश्नच उद्भवत नाही. फुकट घेणारा मिळवणे हीच विक्रयकला.

स्वयंपाकघर

ब्रिटनमधल्या मराठी घरांत हा सगळा प्रश्न बहुधा चकलीच्या रूपाने येतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि त्यानंतर गावोगावी मंडळे झाली. तिथे घरून आणलेला डबा खाऊन दाद देण्याची रीत आहे. या दादीचे टप्पे ठरलेले असतात. पहिल्या दिवाळीला ‘वहिनी, अगदी आईच्या हातची चव!’ दुसऱ्या दिवाळीला ‘वहिनी, भाजणी इथे केली की पुण्याहून आणली?’ तिसऱ्या दिवाळीला एक जण, बहुधा ज्याने जन्मात सोऱ्या हातात धरलेला नाही असा, गंभीरपणे म्हणतो, ‘वहिनी, तुम्ही हे विकत का नाही?’ छंदाचा धंदा होण्याची सुरुवात सगळीकडे याच वाक्याने होते, आणि ते बोलणारा पहिल्या गिऱ्हाइकांत कधीही नसतो.

वहिनींनी मनावर घेतले की पुढची पायरी नगरपालिका. नियमितपणे खाद्यपदार्थ विकायचे असतील तर सुरुवात करण्याच्या किमान २८ दिवस आधी नोंदणी करावी लागते. नोंदणी फुकट असते. महाग पडते ती नंतरची तपासणी, कारण तिच्या आदल्या दिवशी सगळे स्वयंपाकघर घासावे लागते. इंग्लंडमध्ये स्वच्छतेला ० ते ५ असे गुण मिळतात. आजवर सासूने तोंडी दिलेले गुण प्रथमच लेखी मिळतात. गावजत्रेत किंवा देवळाच्या उत्सवात कधीतरी एखादा पदार्थ विकणाऱ्याला ही नोंदणी बहुधा लागत नाही. म्हणजे इथेही कायदा हौशी माणसाला ओळखतो.

त्याखेरीज १४ पदार्थांची यादी आहे. त्यांपैकी काही वापरले असेल तर गिऱ्हाइकाला सांगणे सक्तीचे आहे, आणि ते योग्यही आहे, कारण ॲलर्जीने माणूस दगावतो. या यादीत तीळ, मोहरी, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुका मेवा, दूध, आणि गव्हासारखी धान्ये आहेत. संक्रांतीचा तिळगूळ, दिवाळीचा चिवडा, बेसनाचा लाडू आणि फोडणी नावाचा सगळा प्रकार या यादीत येतो. तिळगूळ देताना गोड बोलायच्या आधी घटक पदार्थ सांगावे लागतात.

आता दर. ब्रिटनमध्ये २१ वर्षे पूर्ण झालेल्या माणसाचे किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये ताशी १२.२१ पौंड झाले. चकल्यांच्या एका घाण्यापासून भांडी घासण्यापर्यंत पाच तास धरले तर नुसती मजुरी ६१ पौंड ५ पेन्स होते. भाजणी, तेल आणि वीज वेगळी. हा हिशेब करून डब्याची किंमत सांगितली तर मैत्री राहत नाही, न सांगितली तर कंबर राहत नाही. मराठी गृहिणी यातून जो मध्यम मार्ग काढते, त्यात तेलाचे पैसे धरलेले असतात, वेळ धरलेला नसतो, आणि ‘तुम्ही काय घरचेच’ म्हणून दोन चकल्या वर घातलेल्या असतात. गिऱ्हाईक ते ‘घरचेच’ फार मनावर घेते. डबा शनिवारी हवा असतो, पैसे पुढच्या भेटीत मिळतात, आणि निरोप असा येतो की, ‘वहिनी, छान होत्या, पण पुढच्या वेळी थोड्या कमी तिखट करा.’ ज्या चकलीला तीन दिवाळ्या दाद मिळाली, तिच्यात चौथ्या दिवाळीला तिखट जास्त होते. चकली तीच असते. मधल्या काळात ती विकत घेतलेली असते.

विद्यार्थ्यांची गोष्ट सोपी आहे. स्टुडंट व्हिसावर आलेल्याला स्वतःचा व्यवसाय करायला बंदी आहे, आणि व्यावसायिक खेळाडू किंवा कलाकार म्हणून काम करायलाही. त्यामुळे लीड्समध्ये शिकणाऱ्या मुलाने गणपतीत मोदक करून खाऊ घातले तर तो संस्कारी मुलगा; त्याच मोदकांचा बोर्ड लावला तर व्हिसाच्या अटीचा भंग. छंद निर्मळ राहावा म्हणून गृहखात्याने इतकी काळजी घेतल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

बढती

काही छंदांना मात्र बढती मिळते आणि त्यांची नोकरी होते. ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ ही २०१० साली सुरू झालेली टीव्हीवरची स्पर्धा फक्त हौशी लोकांसाठी आहे. आठवडेच्या आठवडे तंबूत घाम गाळून जिंकणाऱ्याला रोख पैसा मिळत नाही. मिळते ते कोरलेले केक-स्टँड. स्पर्धकांच्या या निरपेक्ष हौसेचे प्रक्षेपण २०१७ पासून चॅनल ४ वर गेले, आणि तीन वर्षांसाठी ७ कोटी ५० लाख पौंड मोजल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. हौसेला मोल नसते ते हौस करणाऱ्यापुरते. २०१८ चे विजेते राहुल मंडल कोलकात्याचे, रॉदरहॅममध्ये संशोधक. विजेते झाल्यावरही त्यांनी नोकरी सोडली नाही. पोट एका ठिकाणी आणि केक दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याचा हा निर्णय शास्त्रज्ञाला शोभणारा होता.

विल्यम हर्शेल यांनी उलटा रस्ता धरला. ते बाथ शहरात ऑर्गन वाजवून आणि संगीताच्या शिकवण्या घेऊन चांगले कमवत. रात्री घरी केलेल्या दुर्बिणीतून आकाश पाहणे हा त्यांचा छंद. १३ मार्च १७८१ रोजी त्यांना युरेनस सापडला. त्यांनी या नव्या ग्रहाला तिसऱ्या जॉर्ज राजाचे नाव देऊ केले. प्रायोजकाचे नाव ग्रहाला देण्याचा हा बहुधा पहिला प्रयत्न. पुढच्या वर्षी राजाने २०० पौंड वार्षिक तनखा बांधून दिला. तो संगीताच्या मिळकतीहून कमी होता, आणि अट अशी की विंडसरजवळ राहायचे आणि राजघराण्याला व पाहुण्यांना आकाश दाखवायचे. पैसे पुरेनात म्हणून हर्शेल दुर्बिणी करून विकू लागले. ज्याने ग्रह शोधला त्याच्या रात्री पाहुण्यांना चंद्र दाखवण्यात आणि दिवस आरसे घासण्यात जाऊ लागले. विज्ञानाचा मोठा फायदा झाला. रविवारची सुट्टी मात्र गेली.

आर्थर कॉनन डॉयल १८९१ साली लंडनमध्ये डोळ्यांचे डॉक्टर म्हणून बसले. रोगी येईनात. त्या रिकाम्या वेळात त्यांनी शेरलॉक होम्सच्या गोष्टी लिहिल्या आणि डॉक्टरकी सोडावी इतके पैसे त्यांतून येऊ लागले. लवकरच त्यांना होम्सचा कंटाळा आला. मासिकाने आणखी गोष्टी मागितल्या, तेव्हा त्यांनी पिच्छा सुटावा म्हणून डझनाला १००० पौंड असा अवाच्या सवा दर सांगितला. मासिकाने तो तत्काळ मान्य केला. चकलीच्या व्यवहारात दर सांगितला की गिऱ्हाईक जाते. लेखकाच्या नशिबी तेही सुख नव्हते. शेवटी १८९३ साली त्यांनी होम्सला धबधब्यात ढकलले, आणि पुढे वाचकांच्या मागणीने आणि आणखी मोठ्या मानधनाने त्याला परत वर काढावे लागले. आपल्याच छंदाचा खून करावासा वाटणे, हे बढती फार झाल्याचे लक्षण समजावे.

मानसशास्त्र

असे का होते, याचा एक प्रयोग १९७३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतली, चित्रे काढायची मुळातच आवड असलेली मुले घेतली. काहींना आधीच सांगितले की, चित्र काढलेस तर सोनेरी चांदणीचे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिले. काहींना काहीच दिले नाही. थोड्या दिवसांनी मुलांपुढे पुन्हा रंगीत पेने ठेवली, तेव्हा आधी कबूल केलेल्या बक्षिसासाठी चित्रे काढलेली मुले इतरांच्या निम्माच वेळ त्यांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र तशीच राहिली.

या प्रयोगाने ब्रिटिश रूढींवर शास्त्राचा शिक्का मारला. लँकेशरमधला फिरता डबा अर्धशतक झाल्यावर निघत असे, आधी नाही. अलॉटमेंटचा कायदा उरलेले विकायला हरकत घेत नाही. गावजत्रेतल्या एका दिवसाच्या लाडवाला नोंदणी लागत नाही. मोबदला मागाहून आला तर छंद जिवंत राहतो. आधी ठरला तर त्याला हजेरीपट लागतो.

उलटा प्रकार

पदरचे पैसे घालून काम करण्याचाही प्रकार ब्रिटनमध्ये भरभराटीला आलेला आहे. वेल्समधली टॅलिलिन ही छोटी रेल्वे बंद पडायला आली, तेव्हा १९५१ साली टॉम रोल्ट आणि त्यांच्या साथीदारांनी ती चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ती जगातली पहिली रेल्वे. तेव्हापासून देशभर निवृत्त बँकवाले, शिक्षक आणि पाद्री सुट्टीच्या दिवशी कोळसा टाकतात, रूळ दुरुस्त करतात आणि तिकिटे फाडतात. हेच काम पगारी असताना त्याविरुद्ध संप होत असत. बिनपगारी झाल्यावर त्यासाठी नंबर लागतो. मराठीत याला लष्करच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात. ब्रिटनमध्ये भाकऱ्या भाजायला मिळाव्यात म्हणून संस्थेची वर्गणीही भरतात.

आणि न मागता पैसा आलेला छंद पाहायचा तर सफोकमधला. एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला होता. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी त्याचा एक निवृत्त मित्र धातुशोधक यंत्र घेऊन हातोडा शोधायला गेला आणि त्याला रोमन काळातल्या सोन्याचांदीचा साठा सापडला. त्यात जवळजवळ १५,००० नाणी होती. त्याने जास्त खणाखणी न करता ताबडतोब खबर दिली, म्हणून तज्ज्ञांना साठा जागच्या जागी अभ्यासता आला. बक्षीस मिळाले १७ लाख ५० हजार पौंडांचे, आणि त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला, तो आता सोन्यासोबत ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. या माणसाने ‘खजिना शोधून श्रीमंत व्हावे’ असा वर्ग लावला असता, तर हातोड्यासाठी तो घराबाहेर पडलाच नसता.

निर्णय

तेव्हा निर्णय असा. छंदाची वस्तू विकायला हरकत नाही, पण आधी घरच्यांचे आणि स्वतःचे भागावे आणि उरलेली विकावी. ऑर्डर घेऊन मग उरवण्याचा प्रयत्न करू नये. कोणी आनंदाने मोबदला दिला तर संकोच न करता घ्यावा. ‘विकत का नाही?’ असे विचारणाऱ्याकडून जागच्या जागी आगाऊ पैसे मागावेत. निम्मे सल्ले तिथेच मिटतात. ज्याला खरोखर घर चालवायचे आहे, त्याने खुशाल धंदा करावा. पण मग नोंदणी करावी, वेळेचे पैसे धरावेत, दर सगळ्यांना एकच सांगावा आणि ‘घरचे’ हा शब्द बिलात आणू नये. आणि एवढे सगळे केल्यावर स्वतःसाठी नवा छंद शोधावा, कारण पहिला आता कामावर रुजू झालेला असतो.